टाकीला पैसे आहेत, टाकी केवढी हवी हे मोजणाऱ्याला नाहीत

शेतीतून होणारं जलप्रदूषण कमी करायच्या जवळजवळ प्रत्येक सरकारी योजनेत एक तक्ता असतो. शेणमुताची टाकी, ओढ्याकडेचं कुंपण, गवताचा पट्टा, गोठ्याच्या छपराची पन्हाळ, आणि प्रत्येकापुढे अनुदानाचा दर. त्या तक्त्यात माणूस सहसा नसतो. कुठल्या वावरातून पाणी वाहतं, टाकी केवढी हवी, खत किती कमी करता येईल हे शेतावर जाऊन ठरवणारा माणूस 'प्रशासकीय खर्च' या सदरात ढकललेला असतो, आणि काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री त्याच सदराला लागते. मग टाक्या बांधल्या जातात, फोटो निघतात, आणि ओढ्यातलं पाणी होतं तसंच राहतं.

या माणसाचा पगार सरकारने का द्यावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका साध्या गणितात आहे. एक हेक्टर जमिनीतून 100 मिलिमीटर पाणी मुळांखाली झिरपलं, म्हणजे 10 लाख लिटर पाणी खाली गेलं. त्यात लिटरला 10 मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर हेक्टरी 10 किलो नायट्रोजन गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे साधारण 22 किलो युरिया. पिकाकडे बघून एवढा तोटा कुणाला कळतही नाही. पण 10 मिलिग्रॅम ही अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली कमाल मर्यादा आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात जो आकडा चिल्लर आहे, तो खालच्या विहिरीच्या हिशेबात धोक्याची रेषा आहे. ज्याचं नुकसान होतं तो वेगळा आणि ज्याच्या हातात उपाय आहे तो वेगळा, अशा जागी बाजार आपणहून सल्लागार पाठवत नाही. खतविक्रेत्याचा सल्ला फुकट मिळतो हे खरं, पण 'यंदा खत घालूच नका' हे वाक्य त्याच्या तोंडून यायची वाट बघण्यात अर्थ नाही.

(इथेच एक नेहमीचा घोळ सांगून टाकतो. पाण्यात नायट्रोजन बहुधा नायट्रेटच्या रूपात असतो. प्रयोगशाळेचा अहवाल कधी 'नायट्रेट' म्हणून येतो, कधी 'नायट्रेटमधला नायट्रोजन' म्हणून. दोन्हींत 4.43 पटींचा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 50 मिलिग्रॅम नायट्रेट आहे, म्हणजे सुमारे 11.3 मिलिग्रॅम नायट्रोजन. एकक न बघता आकडा वाचला की स्वच्छ विहीर दूषित ठरते, किंवा त्याहून वाईट, दूषित विहीर स्वच्छ ठरते. फॉस्फरसचंही तसंच. गोणीवर फॉस्फरस पेंटॉक्साइडचा आकडा असतो, त्याला 0.436 ने गुणल्यावर खरा फॉस्फरस निघतो.)

आता हा तंत्रज्ञ नेमकं करतो काय ते बघू. 'शेतकऱ्यांना मार्गदर्शन' असं मोघम लिहिलेल्या प्रस्तावात पैसे देणाऱ्याला काम दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाला कुणी पैसे देत नाही.

पहिलं काम खताच्या हिशेबाचं. समजा पिकाला हेक्टरी 150 किलो नायट्रोजन लागतो. शेतकरी सरळ 150 किलो पोत्यातून देतो, म्हणजे 326 किलो युरिया. शेणखत, बेवड (आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेलं) आणि विहिरीचं पाणी यांची बेरीज तो धरत नाही, कारण ती कुणी करून दाखवलेली नसते. तंत्रज्ञ ती करतो. हेक्टरी 20 टन शेणखत, टनाला 5 किलो नायट्रोजन, म्हणजे एकूण 100 किलो. त्यातला पहिल्या वर्षी पिकाला मिळणारा भाग 40 टक्के धरला तर 40 किलो. आधीचं पीक द्विदल होतं, त्याचे 30 किलो. हंगामात 300 मिलिमीटर ओलित झालं आणि विहिरीच्या पाण्यात लिटरला 10 मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर पाण्यातूनच 30 किलो आला. 150 मधून 100 वजा. उरले 50 किलो, म्हणजे 109 किलो युरिया. सव्वातीनशेच्या जागी एकशे नऊ. हे आकडे उदाहरणाचे आहेत. शेणखतातला नायट्रोजन आणि पिकाला मिळणारा भाग जनावर, वैरण, साठवण आणि हवामान यांप्रमाणे बराच बदलतो, आणि म्हणूनच तो मोजणारा माणूस लागतो.

या हिशेबातली सगळ्यात कच्ची कडी नमुन्याची. मातीचा नमुना वावरात नागमोडी फिरून 15 ते 20 ठिकाणांहून, ठरलेल्या एकाच खोलीपर्यंत घ्यायचा, एकत्र मिसळायचा आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणायचा. बांधाजवळची, उकिरड्याच्या जागेची, झाडाखालची, जनावरं बसतात तिथली माती घ्यायची नाही. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. चुकतं ते खोलीत. जमीन कडक असली की गिरमिट 15 ऐवजी 8 सेंटिमीटरवरच थांबतं. फॉस्फरस वरच्या थरात साठलेला असतो, त्यामुळे उथळ नमुन्यात तो फुगून येतो. शेणखताच्या ढिगाचा नमुना वरून घेतला तर वाळलेली साल हाती येते, आतला ओला भाग नाही. स्लरी, म्हणजे शेणमुताचा पातळ काला, टाकीत थर धरून बसते, ती ढवळल्याशिवाय भरलेली बाटली म्हणजे निव्वळ वरचं पाणी. बाटली काठोकाठ भरू नये, आत वायू धरतो आणि झाकण उडतं.

ढवळण्याबद्दल आणखी एक. स्लरी ढवळताना हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू एकदम सुटतो. कुजक्या अंड्यांचा वास येतो तोवर ठीक, पण मात्रा वाढली की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. 'आता वास गेला' म्हणून पुढे झुकणारा माणूस आत पडतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही. तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणाचे पैसे प्रस्तावातून उडवणाऱ्यांनी निदान एवढं डोळ्यांसमोर आणावं.

दुसरं काम यंत्राचं. कागदावर हेक्टरी 20 टन लिहिलं तरी ट्रॉलीतून किती पडतं हे बहुतेकांना माहीत नसतं. ते मोजायला फार काही लागत नाही. एक मीटर बाय एक मीटरचे प्लास्टिकचे तुकडे, ताणकाटा आणि बादली. तुकडे ट्रॉलीच्या वाटेत आडव्या ओळीत अंथरायचे, कडांवर दगड ठेवायचे, रोजच्या वेगाने आणि रोजच्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर वरून न्यायचा. मग एकेका तुकड्यावरचं खत बादलीत ओतून वजन करायचं. एका चौरस मीटरवर 1 किलो म्हणजे हेक्टरी 10 टन. मधल्या तुकड्यावर साडेचार किलो आणि कडेच्या तुकड्यावर पाऊण किलो आलं, की शेतकरी स्वतःच वाकून काटा पुन्हा बघतो. मधे 45 टन आणि कडेला साडेसात. सरासरी बरोबर असेलही, पण पीक सरासरीवर वाढत नाही आणि पाणीही सरासरीने दूषित होत नाही. दोन फेऱ्यांमधलं अंतर कमी केलं की कडा एकमेकींवर येतात आणि फरक बराच मिटतो. वेग वाढवून एकूण मात्रा खाली आणता येते. सगळा खेळ दीड-दोन तासांचा, पण भाषणाच्या दहा बैठकांनी होत नाही ते यात होतं.

फवारणीचंही तेच. एका नोझलमधून मिनिटाला किती लिटर पडतं ते मापात धरायचं, त्याला 600 ने गुणायचं आणि वेग (ताशी किलोमीटर) गुणिले दोन नोझलमधलं अंतर (मीटर) याने भागायचं. मिनिटाला 0.8 लिटर, वेग 6, अंतर अर्धा मीटर, तर हेक्टरी 160 लिटर. नव्या नोझलपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त पडत असेल तर ती झिजली, बदलायची. साफ करायला तार घालायची नाही, भोक मोठं होतं.

तिसरं काम पाण्याच्या वाटा शोधायचं, आणि माझ्या मते खरा तंत्रज्ञ इथे ओळखू येतो. नकाशावर ओढ्याच्या दोन्ही काठांना दहा-दहा मीटर हिरवा पट्टा आखणं कार्यालयात बसून जमतं. पण गवताचा पट्टा गाळ अडवतो तो पाणी पसरून, पातळ थराने आलं तर. शेतात घळ पडलेली असेल, तर सगळं पाणी त्या एका घळीतून येतं आणि पट्ट्यातल्या दोन मीटरच्या जागेतून पार होऊन जातं. बाकीचा सगळा पट्टा कोरडाच. शिवाय वर्षानुवर्षं नांगरट पट्ट्याच्या कडेपर्यंत होते, तिथे गाळ साचतो आणि नकळत एक वरंबा तयार होतो. मग पाणी पट्ट्यात शिरतच नाही. ते वरंब्याला लागून वाहतं आणि सखल जागा सापडली की तिथून फुटतं. हे बघायला भर पावसात, छत्री घेऊन, वावरात उभं राहावं लागतं. उपाय सोपा आहे. वरंबा दर काही वर्षांनी खरवडून माती परत वावरात टाकायची, आणि घळीच्या जागी रुंद, उथळ, गवताळ चर काढायचा. पण 'पट्टा झाला' म्हणून अनुदान एकदा वाटलं गेलं की पाचव्या वर्षी वरंबा बघायला जाणाऱ्याचे पैसे कुठल्याच सदरात नसतात.

चिबड (पाणी साचणाऱ्या) जमिनीत खाली निचऱ्याचे नळ टाकलेले असतील तर गोष्ट आणखी फसवी. नायट्रेट पाण्यात विरघळून नळातून पट्ट्याच्या खालून थेट ओढ्यात जातं. वर गवत कितीही दाट असो. तिथे नळाच्या तोंडाशी फळ्या घालून पाण्याची पातळी वरखाली करता येईल असा खोका बसवावा लागतो, किंवा नळाचं पाणी काठाच्या जमिनीत जिरवावं लागतं, किंवा लाकडाच्या ढलप्यांचा (भुश्याचा नव्हे, चांगल्या जाड ढलप्यांचा) खंदक करावा लागतो. ढलप्यांवर वाढणारे जिवाणू प्राणवायूच्या अभावी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन हवेत सोडतात. पाणी खंदकात काही तास राहिलं पाहिजे. खंदक लहान पडला तर पाणी न सुधारताच निसटतं. फार मोठा झाला, तर नायट्रेट संपल्यावर जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. सुरुवातीचे काही आठवडे बाहेर तपकिरी पाणी येतं. शेतकऱ्याला हे आधी सांगितलं नसेल, तर तो बिचारा घाबरून खंदक बंद करतो.

चौथं काम बांधकामाचं. 40 दुभती जनावरं, प्रत्येकी दिवसाला 50 लिटर शेणमूत, आणि ते सहा महिने साठवायचं. 40 गुणिले 50 गुणिले 180, म्हणजे 360 घनमीटर. धुण्याचं पाणी जनावरामागे 20 लिटर धरलं तर 144 घनमीटर. 16 मीटर व्यासाच्या उघड्या टाकीवर त्या काळात 600 मिलिमीटर पाऊस झाला तर 120. उघड्या 300 चौरस मीटर अंगणातून 180. झाले 804 घनमीटर. आणि गोठ्याच्या 500 चौरस मीटर छपराचं पाणी त्याच अंगणात पडत असेल, तर आणखी 300. बाष्पीभवन यात धरलेलं नाही, आणि वर 30 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवायची ती वेगळीच. म्हणजे छपराला पन्हाळ लावून स्वच्छ पाणी बाजूला काढलं तर टाकी अकराशेऐवजी आठशेची लागते. पन्हाळीचा खर्च टाकीच्या तुलनेत नगण्य. पण टाकीला अनुदान, ठेकेदाराला टाकीचं काम, अहवालात टाकीचा फोटो, मग पन्हाळ आठवणार कुणाला? ज्याने पावसात गोठ्याभोवती चक्कर मारली आहे त्याला.

गोठ्यातल्या सगळ्याच गोष्टी सारख्या घातक नसतात, हेही त्यालाच सांगावं लागतं. घाण कुजताना जिवाणू पाण्यातला किती प्राणवायू खातात, ती तिची जैविक प्राणवायू मागणी. घरगुती सांडपाण्याची ती लिटरला 300 मिलिग्रॅमच्या आसपास असते. गुरांच्या स्लरीची 10 ते 20 हजार. मुरघासातून (खड्ड्यात दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यातून) निथळणाऱ्या रसाची 30 ते 80 हजार. सांडलेल्या दुधाची सुमारे 1 लाख 40 हजार. म्हणून मुरघासाच्या खड्ड्याखालची बारीक गटार ही दिसायला किरकोळ असली तरी पहिल्या भेटीतच बघायची जागा आहे. हिरवा चारा पुरेसा सुकवून भरला की रस निथळायचा जवळजवळ थांबतो, म्हणजे इथला सगळ्यात स्वस्त उपाय बांधकामात नसून कापणीच्या वेळेत आहे.

ओढ्याला कुंपण घालताना तर क्रमच बऱ्याचदा उलटा होतो. आधी जनावरांच्या पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय, मग कुंपण. उन्हाळ्यात दुभतं जनावर दिवसाला 100 लिटरपर्यंत पाणी पितं. हौद लहान किंवा नळाची धार बारीक असेल तर जनावरं ढकलाढकली करतात आणि कुंपण पहिल्याच महिन्यात आडवं होतं. पुराच्या पाण्यात येणाऱ्या भागात जाळी लावू नये, तिच्यात काडीकचरा अडकून अख्खी ओळ वाहून जाते. तिथे एकच तार, आणि तीही एका टोकाने सहज सुटेल अशी.

आता या सगळ्याला वेळ किती लागतो ते मांडतो, कारण प्रस्ताव बुडतात ते याच ठिकाणी. एका शेतावर पहिली भेट आणि बोलणं 4 तास, माती-खताचे नमुने 8, खताचा आराखडा 12, पावसातली फेरी 4, एका बांधकामाची पाहणी आणि आरेखन 24, बांधकामावर देखरेख 12, नंतरच्या तीन भेटी 9. झाले 73. दहा फेऱ्यांचा प्रवास दीड तासाने 15. एकूण 88 तास. वर्षाचे कामाचे दिवस 220, म्हणजे 1760 तास. त्यातून प्रशिक्षणाचे 80 आणि अहवाल, बैठका, हिशेब यांचे एक चतुर्थांश, म्हणजे 440, वजा केले की उरतात 1240. भागिले 88, तर वर्षाला 14 शेतं. दुसऱ्या वर्षी आधीच्या 14 शेतांना प्रत्येकी 12 तास पाठपुरावा द्यायचा तर नवी 12 होतात. तिसऱ्या वर्षी 10. तीन वर्षांत एका माणसामागे 36 शेतं. प्रस्तावात 'दरवर्षी 100 शेतकऱ्यांना लाभ' असं लिहिलेलं दिसलं, की समजावं, लाभ म्हणजे सभागृहातली हजेरी आहे.

या माणसाबरोबर त्याचं सामानही मोजावं लागतं. वाहन आणि इंधन, गिरमिट, पातळी मोजायचं यंत्र, काटा, पाण्याच्या नमुन्यांसाठी बर्फाची पेटी, आणि प्रयोगशाळेचं शुल्क. 36 शेतं, प्रत्येकी सहा वावरं धरली तरी मातीचेच 216 नमुने होतात. पगार मंजूर आणि प्रयोगशाळेचं शुल्क नामंजूर, असा प्रकार झाला तर तंत्रज्ञ अंदाजाने आराखडे करतो. शिवाय सही. टाकी किंवा मोठा चर यांच्या आरेखनावर अधिकार असलेल्या अभियंत्याची सही लागते. तीन-चार तंत्रज्ञांमागे एका अभियंत्याचा वेळ पैशासकट ठरवून ठेवला नाही, तर आराखडे टेबलावर साचतात आणि बांधकामाचा कोरडा हंगाम निघून जातो.

पैसे कुठल्या रीतीने येतात त्यालाही तेवढंच महत्त्व आहे. 'आधी खर्च करा, मग परतावा' ही पद्धत कुंपणाला चालते, पगाराला नाही. लहान संस्थेकडे चार महिन्यांचा पगार उचलून द्यायला गंगाजळी नसते. एका वर्षाच्या कराराचं गणित तर आणखी वाईट. मंजुरीनंतर भरतीला तीन-चार महिने, शिकण्यात पुढचा हंगाम, आणि शेतकरी जरा ओळखू लागतो तोच हा माणूस दुसरी नोकरी शोधू लागतो. निधी निदान तीन वर्षांचा, शक्यतो पाच वर्षांचा हवा, आणि मातीचे नमुने घ्यायच्या दिवसांआधी हाती यायला हवा. पेरणीनंतर आलेले पैसे म्हणजे त्या वर्षापुरते गेलेलेच पैसे.

जगात हे कुठे कुठे नीट मांडलं गेलं आहे. अमेरिकेत 1935 साली मृदा संधारण सेवा सुरू झाली तीच मुळी शेतावर जाणाऱ्या तंत्रज्ञांच्या कल्पनेवर. 1937 पासून स्थानिक मृदा संधारण जिल्हे उभे राहिले, त्यातला पहिला उत्तर कॅरोलायनातला ब्राउन क्रीक. 2022 च्या कायद्यात तिथे शेतीतल्या संधारणासाठी 19.5 अब्ज डॉलर ठेवले गेले, त्यातला 1 अब्ज थेट तांत्रिक साहाय्यासाठी होता. न्यूयॉर्क शहराचं उदाहरण मला जास्त आवडतं. कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येणारं पाणी गाळायचा प्रकल्प काही अब्ज डॉलरचा झाला असता. त्याऐवजी शहराने वरच्या खोऱ्यातल्या शेतांचे आराखडे करणाऱ्या माणसांचा आणि कामांचा खर्च उचलला. त्यासाठीची शेतकऱ्यांची परिषद 1993 मध्ये उभी राहिली. भाग घेणं ऐच्छिक होतं, पण पाच वर्षांत 85 टक्के शेतकरी यायला हवेत अशी अट होती, आणि ते आले. पाणी पिणारा पैसे देतो आणि पाणी राखणारा काम करतो, हा व्यवहार इतका सरळ आहे की बाकी ठिकाणी तो का होत नाही याचंच नवल वाटतं.

आयर्लंडमध्ये 2018 पासून 30 सल्लागारांचा कार्यक्रम चालू झाला. त्यातले 20 सरकारी पैशाने सार्वजनिक कृषी संस्थेत, 10 दूध सहकारी संस्थांचे. त्यांची रचना बघण्यासारखी आहे. आधी शास्त्रज्ञांची वेगळी तुकडी ओढ्याच्या काठाने चालत अडचण नायट्रेटची, फॉस्फरसची की गाळाची हे शोधते. मग सल्लागार शेतावर जातो. सल्ला मोफत आणि गोपनीय. तपासनीस आणि सल्लागार एकच माणूस नसतो, आणि तसा नसावाच. दंड करू शकणाऱ्या माणसाला कुणी आपली गळकी टाकी दाखवत नाही. इंग्लंडमध्येही 2006 पासून पाणलोटनिहाय मोफत सल्ला आणि सोबत लहान कामांना अनुदान अशी जोडी चालते.

उलटा धडा अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ईरी सरोवराचा. आजूबाजूच्या शेतांत बिननांगरणीची पद्धत पसरली, मातीबरोबर जाणारा फॉस्फरस घटला, सगळ्यांना बरं वाटलं. पण 1990 च्या दशकाच्या मध्यापासून पाण्यात विरघळलेला फॉस्फरस वाढत गेला. नांगरट नसल्याने वर फेकलेलं खत वरच्याच थरात राहत होतं आणि पावसात विरघळून निचऱ्याच्या नळांतून जात होतं, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. ऑगस्ट 2014 मध्ये शेवाळाच्या विषामुळे सरोवराकाठच्या टोलिडो शहरातल्या आणि आसपासच्या 4 ते 5 लाख लोकांना जवळजवळ तीन दिवस नळाचं पाणी पिता आलं नाही. एका उपायाचे आकडे चांगले दिसत असताना दुसरीकडून काय निसटतंय, हे हंगामामागून हंगाम बघणारा माणूस लागतो. खत फेकण्याऐवजी बियाण्याच्या खाली पेरलं की नुकसान बरंच टळतं, पण त्यासाठी पेरणीयंत्राचा फाळ किती खोल लावायचा ते दाखवणारं कुणीतरी हवं.

शेवटी मोजमापाचं. तीन वर्षांच्या निधीत नदीचा नायट्रेट कमी झाला का, असं विचारणं अन्यायाचं आहे. भूजलातून येणाऱ्या नायट्रेटला नदी गाठायला कधी वर्षं, कधी दशकं लागतात. महिन्यातून एकदा बाटली भरण्यालाही फार अर्थ नाही, कारण वर्षाचा बराचसा फॉस्फरस चार-दोन मोठ्या पावसांतच वाहून जातो आणि तेव्हा बाटली भरायला कुणी नसतं. त्याऐवजी कापणीनंतर मातीत उरलेला नायट्रेट, हेक्टरी घातलेल्या आणि पिकाने उचललेल्या नायट्रोजनमधला फरक, मोजून लावलेली यंत्रं, आणि तिसऱ्या वर्षी जागेवर चालू असलेली कामं, हे चार आकडे मागावेत. भेटींची संख्या मागितली की भेटी वाढतात. हेक्टर मागितले की तंत्रज्ञ मोठ्या, सपाट, सोप्या शेतांकडे वळतो, आणि उतारावरचा तो एकच उकिरडा, ज्यातून अख्ख्या ओढ्याची घाण येते, तसाच राहतो.

करार संपताना आणखी एक गोष्ट हटकून राहून जाते, ती म्हणजे फाइल. माहिती शेतकऱ्याची, म्हणून त्याच्या संमतीने आणि त्याच्याकडे एक प्रत ठेवून, प्रत्येक शेताची एक फाइल पुढच्या माणसाच्या हाती पडायला हवी. वावरांचा हाताने काढलेला नकाशा, नमुने कुठून आणि किती खोलीवर घेतले, ट्रॉली कुठल्या गिअरमध्ये मोजली, निचऱ्याच्या नळांची तोंडं कुठे आहेत, पाणी नेमकं कुठून फुटतं, मागचा वरंबा कधी खरवडला. आणि शेतकऱ्याने काय करायला साफ नकार दिला, कारणासकट.